कवळीची कुळकथा

कवळी हा आपल्याकडे चारचौघांत बोलण्याचा विषय नव्हे. चष्म्याचा नंबर माणूस सहज सांगतो; कवळी मात्र घरात निजानीज झाल्यावर गुपचूप पेल्यातल्या पाण्यात उतरते आणि कोणी उठायच्या आत पुन्हा तोंडात चढते. जिच्याविषयी एवढी लपवाछपवी, तिची कुळकथा मात्र चांगली लांबलचक आहे.

जपानमधील वाकायामा येथे १५३८ साली वारलेल्या एका बौद्ध भिक्षुणीची लाकडात कोरलेली वरची कवळी उपलब्ध आहे. जुन्यांत जुन्या पूर्ण कवळ्यांत तिची गणना होते. युरोपातील कारागीर पाणघोड्याच्या व हत्तीच्या दातांपासून कवळ्या कोरीत, कधी त्यात माणसाचे दातही बसवीत. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मृत सैनिकांचे दात उपटून विकले गेले आणि अशा दातांना पुढे ‘वॉटर्लूचे दात’ असेच नाव पडले. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्ये पदावर आले, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात शिल्लक होता.

दात करणे एक वेळ साधले. खरी अडचण ते टिकवून धरण्याची. वरची कवळी पडू नये म्हणून युरोपात खालच्या व वरच्या कवळीला धातूच्या स्प्रिंगा जोडीत. त्यामुळे तोंड मिटून ठेवायलाही जबड्याला जोर लावावा लागे. हिरडीच्या अचूक मापाची कवळी स्प्रिंगेवाचूनही बसते, हे अमेरिकेतील दंतवैद्य गार्डेट यांच्या ध्यानात १८०० च्या सुमारास आले, असे सांगतात. कवळी आणि हिरडी यांमध्ये लाळेचा पातळ थर असतो. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या जशा एकमेकींना चिकटतात, तशीच कवळी हिरडीला कवळून बसते.

पुढे १८४४ आणि १८४६ साली नायट्रस ऑक्साइड व ईथर यांचा शस्त्रक्रियेत प्रवेश झाला. दात काढणे सुसह्य झाले आणि बोळक्या तोंडांची संख्या वाढली. भुलीच्या इतिहासात आपल्या हैदराबादचेही नाव आहे. १८८८ व १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मच्या धोक्याची तपासणी करणारी दोन कमिशने तेथे बसली. त्यांचे सूत्रधार डॉ. एडवर्ड लॉरी होते आणि खर्च निजाम सरकारने सोसला. त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांत गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या कवळ्या रूढ होत्या. सोन्याहस्तिदंताची चैन न परवडणाऱ्यांना या रबराने दात दिले. १९३७ च्या सुमारास गुलाबी अॅक्रिलिक आले आणि बहुतेक कवळ्या आजही त्याच्याच होतात. भारतात कलकत्त्यास डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे १९३३ मध्ये निघाले. आपल्या मराठवाड्यात औरंगाबादला शासकीय दंत महाविद्यालय यायला १९८२ साल उजाडावे लागले.

इथवर कवळीचा संबंध घासाशी आला. पण तिचा तितकाच संबंध भाषेशी आहे. त्यासाठी हैदराबादच्या नारायणगुड्यात जाऊन यावे लागेल. मूळचे मराठवाड्यातील न्यायमूर्ती केशवराव कोरटकर (१८६७–१९३२) यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये तेथे केशव मेमोरियल शाळा सुरू झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची तीन शकले झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. नारायणगुडा, काचीगुडा, सुलतान बाजार इथली मराठी घरे मात्र जागच्या जागी राहिली. शाळा इंग्रजीत, शेजार तेलुगूत, बाजार उर्दूत. मराठी राहिली ती घरात, आणि घरातही मुख्यतः आजी-आजोबांच्या तोंडी.

आता मराठीचे उच्चार पाहा. त-वर्ग, ल आणि स यांचे स्थान व्याकरणाने दंत असेच सांगितले आहे. शिवाय आपले दंततालव्य च, ज, झ आहेत. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च लिहिताना एकच, बोलताना वेगळा. हा भेद सहसा अक्षराने दाखवलेला नसतो. तो कानानेच शिकावा लागतो. तेलुगूतही असे दोन च आहेत, म्हणून नारायणगुड्यातल्या नातवाची जीभ त्याला सरावलेली असते. पण कोणत्या मराठी शब्दात कोणता च, हे सांगणार कोण? आजोबाच. त्या आजोबांची कवळी सैल असेल, स म्हणताना शिट्टी वाजत असेल, हसताना दात निसटायची धास्ती असेल, तर ते हळूहळू गप्प बसू लागतात. सीमेलगतच्या किंवा सीमेपलीकडच्या मराठी घरात असे एक तोंड मिटले म्हणजे काय जाते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

म्हणून कवळीविषयी चार गोष्टी उघडपणे बोलायला हव्यात. नवी कवळी पहिले काही दिवस परकीच वाटते. लाळ सुटते, बोलणे अडखळते. त्यावर उपाय मोठ्याने वाचण्याचा. रोज वर्तमानपत्राचा एक रकाना किंवा पोथीची चार पाने वाचली की जीभ नवी जागा ओळखते. नातवाला शेजारी बसवून वाचले तर दोघांचेही काम होते. सुरुवातीस मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी असे खावे. घास लहान घ्यावा आणि दोन्ही बाजूंनी चावावा. एकाच बाजूने चावले की कवळी दुसरीकडून उचलते. खालची कवळी अधिक हलते, कारण तिला टेकायला जागा थोडी आणि जिभेची ढकलाढकल फार.

रात्री कवळी काढून हिरड्यांना विसावा द्यावा. ती मऊ ब्रशाने व साध्या साबणाने धुऊन गार पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्यात ती वाकडी होते. धुताना खाली पाण्याने भरलेले पातेले ठेवावे, म्हणजे हातून निसटली तरी फुटत नाही. टोचत असेल तर घरी कानशीने घासू नये आणि तडकली तर बाजारातल्या चिकटद्रव्याने जोडू नये. दोन्हीमुळे माप कायमचे बिघडते. दाखवायला जाण्याच्या आदल्या दिवशी कवळी वापरावी, म्हणजे कुठे लागते ते दंतवैद्याला दिसते. तोंडातली जखम वा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर तपासून घ्यावा. तंबाखू खाणाऱ्यांनी तर एक दिवसही टाळू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे : कवळी सैल झाली म्हणजे ती करणाराच चुकला असे नव्हे. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत राहते. पहिल्या वर्षी सर्वाधिक, नंतर सावकाश. कवळी तीच राहते, जबडा बदलतो. तिला आतून नवे अस्तर लावता येते. काही वर्षांनी नवी करावी लागते. पंधरा वर्षांपूर्वीचा चष्मा आपण वडिलांच्या डोळ्यांवर ठेवीत नाही. कवळीच्या बाबतीत मात्र ‘आता या वयात कशाला?’ असा प्रश्न घरातूनच येतो, आणि पुष्कळदा तो खर्चाला भिऊन म्हाताऱ्या माणसानेच आधी विचारलेला असतो.

या प्रश्नाचे उत्तर घरातल्या मुलांनी द्यायचे आहे. या दिवाळीत चकली मोडून मऊ करून वडिलांच्या ताटात वाढाल, तेव्हा ती चावता येत नाही एवढेच विचारू नका. बोलताना त्रास होतो का, तेही विचारा.