शेजाऱ्यांविषयीचे अमेरिकी धोरण : १८०३ ते १८४८

अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स मन्रो यांनी २ डिसेंबर १८२३ रोजी काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला, धाडलेल्या वार्षिक संदेशात युरोपीय सत्तांनी अमेरिका खंडांत यापुढे नव्या वसाहती करू नयेत आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या राष्ट्रांच्या कारभारात ढवळाढवळ करू नये, असे बजावले. परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या विचारांतून बव्हंशी घडलेली ही भूमिका पुढे ‘मन्रो सिद्धांत’ या नावाने ओळखली गेली. ती अमलात आणण्याइतके आरमार तेव्हा अमेरिकेपाशी नव्हते.

स्वातंत्र्याविषयीची ही आस्था सर्व शेजाऱ्यांच्या वाट्याला मात्र आली नाही. पुढे हैती झालेल्या फ्रेंच वसाहतीतील गुलामांच्या उठावाने नेपोलियनच्या फौजेची वाताहत केली, म्हणूनच त्याने अमेरिकेतील साम्राज्याचा बेत सोडून १८०३ मध्ये लुइझियानाचा विस्तीर्ण प्रदेश दीड कोटी डॉलरना अमेरिकेला विकला. अमेरिकेचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट करणाऱ्या या व्यवहाराचे श्रेय मोठ्या अंशी त्या बंडखोरांना द्यावे लागते. त्यांनी १८०४ मध्ये स्थापिलेल्या हैतीशी अमेरिकेने १८०६ मध्ये व्यापार बंद केला, आणि १८२२ पासून कोलंबिया, मेक्सिको आदी राष्ट्रांना मान्यता देतानाही हैतीला वगळले. कारण गुलामांनी लढून मिळवलेले स्वातंत्र्य वैध ठरले, तर तोच आदर्श आपल्या मळ्यांवर पोहोचेल, ही दक्षिणेकडील मळेवाल्यांची धास्ती होती. दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते सीमॉन बोलिव्हार यांच्या पुढाकाराने १८२६ मध्ये भरलेल्या पनामा परिषदेला प्रतिनिधी पाठवण्याचा वाद सेनेटमध्ये लांबला, त्यामागेही ही धास्ती होती. हैतीला मान्यता मिळाली ती १८६२ मध्ये, गुलामगिरी टिकवू पाहणारी राज्ये फुटून निघाल्यानंतर.

शेजारी बलाढ्य की दुर्बळ, यावर धोरण कसे बदलत असे, हे १८४६ या एकाच वर्षात उघड झाले. अध्यक्ष जेम्स पोल्क यांनी जूनमध्ये ब्रिटनशी तडजोड करून ऑरेगॉनमधील सीमा ४९व्या अक्षवृत्तावर मान्य केली. पण टेक्सास सामील करून घेतल्यावर न्यूसेस आणि रिओ ग्रांदे या नद्यांमधील वादग्रस्त पट्ट्यात सैन्य उतरवून त्यांनी त्याआधीच, मे महिन्यात, काँग्रेसकडून मेक्सिकोविरुद्ध युद्ध पुकारून घेतले होते. युद्धाचे कारण म्हणून सांगितलेले अमेरिकी रक्त नेमके कोणत्या जागी सांडले आणि ती भूमी खरोखर अमेरिकेची होती काय, असा रास्त प्रश्न अब्राहम लिंकन या नवख्या सदस्याने डिसेंबर १८४७ मध्ये काँग्रेसमध्ये विचारला, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहाने २ फेब्रुवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियासह फार मोठा मुलूख अमेरिकेला मिळाला. टेक्सास धरता मेक्सिकोने आपली निम्म्याहून अधिक भूमी गमावली आणि मोबदल्यात दीड कोटी डॉलर मिळवले. तेथे राहिलेल्या मेक्सिकन रहिवाशांच्या मालमत्तेला तहात अभय होते, तरी जुन्या जमीन-सनदांना संरक्षण देणारे दहावे कलम सेनेटने मंजुरीपूर्वीच गाळले. पुढे १८५१ च्या कायद्यानुसार कॅलिफोर्नियातील जमीनमालकांना आपली मालकी आयोगापुढे सिद्ध करावी लागली, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या दाव्यांच्या खर्चापायीच अनेकांच्या जमिनी गेल्या.