जावेद आबिदी हे नाव आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

मतदान केंद्रावर रॅम्प दिसतो. मतदान यंत्रावर बटणांशेजारी ब्रेलचे ठिपके असतात. नोकरीच्या जाहिरातीत दिव्यांगांच्या राखीव जागा येतात. यातलं काहीच सरकारला आपणहून सुचलेलं नाही. यामागे जी माणसं हटून बसली, त्यात हा माणूस फार वरच्या नंबरावर होता. ४ मार्च २०१८ ला गेले, वय अवघं ५२. मराठी पेपरांत त्यांच्यावर फारसं काही वाचल्याचं मला आठवत नाही, म्हणून हा प्रपंच.

जन्म १९६५, अलीगढ. पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष, स्पायना बिफिडा. पंधराव्या वर्षापासून व्हीलचेअर. अमेरिकेत पत्रकारिता शिकले आणि १९८९ मध्ये परत आले. तिकडे व्हीलचेअरवरून एकट्यानं हिंडता येत होतं, इथे साधी इमारतीची पायरी चढायला दोन माणसं लागायची. पुढे राजीव गांधी फाउंडेशनमध्ये अपंगांसाठीचं काम बघू लागले. तिथे पगार, खुर्ची, ओळखी सगळं होतं. पण संस्थेकडून तीनचाकी वाटून अपंगांचा प्रश्न सुटत नाही, कायदा लागतो, हे त्यांनी लवकर ओळखलं.

तोवर आपल्या देशात अपंगांच्या हक्कांचा कायदाच नव्हता! डिसेंबर १९९५ मध्ये हिवाळी अधिवेशन चालू असताना आबिदी आणि त्यांचा डिसेबिलिटी राइट्स ग्रुप दिल्लीच्या रस्त्यावर उतरला. कुबड्या, काठ्या, व्हीलचेअर घेऊन माणसं आली. लोकसभा निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे हे अधिवेशन हुकलं असतं तर विधेयक आणखी किती वर्षं पडून राहिलं असतं, देव जाणे. त्याच अधिवेशनात ते मंजूर झालं. सात प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता मिळाली आणि सरकारी नोकरीत ३ टक्के आरक्षण आलं.

कायदा झाला म्हणजे काम झालं, असं आपल्याकडे कधी होतं का? आबिदी सुप्रीम कोर्टात गेले. मुद्दा होता विमानप्रवासाचा. चालता न येणाऱ्या प्रवाशाला विमानात चढवायची धड सोय नव्हती, अक्षरशः उचलून न्यायचे. १९९८ च्या निकालात कोर्टानं विमानाच्या आत चालणाऱ्या अरुंद खुर्चीसारख्या सोयींकडे लक्ष वेधलं आणि ८० टक्क्यांवर चलनविषयक अपंगत्व असणाऱ्यांना इंडियन एअरलाइन्सच्या भाड्यात निम्मी सवलत दिली. कुणी म्हणेल विमान म्हणजे श्रीमंतांचं दुखणं. पण सरकारी कंपनीला कोर्टात खेचता येतं, हे त्यातून गावोगावच्या संघटनांना कळलं.

मला सगळ्यात मोठं काम वाटतं ते २००१ च्या जनगणनेचं. अपंगांची मोजणी करायला सरकार तयार नव्हतं. आबिदींनी पिच्छा पुरवला आणि प्रश्नावलीत रकाना आला. आकडा निघाला सुमारे २ कोटी १९ लाख. मोजलंच नाही तर बजेट कुठून येणार, सांगा.

त्याच वर्षी जानेवारीत स्टीफन हॉकिंग भारतात आले होते. मुंबईतली परिषद आटोपून दिल्लीला गेले, तेव्हा कुतुबमिनार, जंतरमंतरला घाईघाईनं लाकडी रॅम्प टाकले गेले. पाहुण्यासाठी एका रात्रीत होतं, ते इथल्या नागरिकासाठी का होत नाही? आबिदींचा सवाल हाच असायचा. २००४ च्या निवडणुकीत मतदान केंद्रांवर रॅम्प लावण्याचा आदेश त्यांच्या संघटनेनं सुप्रीम कोर्टातून मिळवला, तोही मतदानाचे टप्पे चालू असताना.

त्यांचं सगळं गोडगोड नव्हतं. २०१४ मध्ये नव्या विधेयकावरून चळवळीत उभी फूट पडली. मसुदा कच्चा आहे, घाई नको, असं अनेक जुने सहकारी म्हणत होते. आबिदींचं म्हणणं, आधी पदरात पाडून घ्या. बोलायला फटकळ, त्यामुळे दुखावलेले बरेच. अखेर डिसेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीच्या गोंधळात संसद ठप्प असताना, दोन्ही सभागृहांत सगळे पक्ष ज्या मोजक्या गोष्टींवर एक झाले त्यात हा कायदा होता. सातचे २१ प्रकार झाले, आरक्षण ४ टक्के.

आता आपल्याकडे बघा. ग्रामपंचायत असो की नगरपरिषद, स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा महाराष्ट्रात शासनाचा नियम आहे. तुमच्या गावात गेल्या वर्षी ते कशावर खर्च झाले? ग्रामसेवकाला विचारा, नगरपरिषदेत माहितीचा अर्ज टाका. उत्तर आलं तर खाली कमेंटमध्ये लिहा, मी बातमी करतो.