खांद्यावरचे सिंह

पुण्याहून येणारी गाडी धुक्यामुळे सात तास उशिरा आली. पहाटे पाचला पोचणारी मंडळी दुपारी बाराला वाराणसी कँटच्या फलाटावर उतरली तेव्हा बायकोच्या हातात रिकामा थर्मास होता, मुलीच्या कानाला माकडटोपी होती आणि मुलगा माझ्यापेक्षा उंच झाला होता. जूनमध्ये निघालो तेव्हा नव्हता. फौजी बापांना पोरांची उंची अशी हप्त्या-हप्त्यानं कळते.

हातात आठ दिवस होते. नाताळची सुट्टी, त्यातून माझी तीन दिवसांची रजा आणि एक रविवार. मी आधीच फतवा काढला होता की काशीत घाट सगळेच बघतात, आपण म्युझियम बघू. मुलीनं लगेच तोंड वाकडं केलं. मुलगा काहीच बोलला नाही, आणि ते मला जास्त खटकलं. तो बारावीत आहे. एनडीएचा फॉर्म भरायची मुदत महिनाअखेरीला संपत होती. फोनवर दोनदा विषय निघाला होता आणि दोनदा त्यानं "बघू" म्हटलं होतं. मी खडकवासल्याचा. "बघू" या शब्दाचा अर्थ मला चांगला कळतो.

पहिल्या दिवशी सारनाथ. शहरापासून जेमतेम दहा किलोमीटर, पण सकाळच्या धुक्यात जीपला पाऊण तास लागला. (जाणाऱ्यांसाठी सूचना: म्युझियम शुक्रवारी बंद असतं.) ही भारतीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली सर्वांत जुनी साइट म्युझियमची इमारत, 1910 मध्ये पूर्ण झाली. बांधणी जुन्या बौद्ध विहाराच्या अर्ध्या आराखड्यासारखी आहे. आत शिरलं की समोरच तो उभा. सात फूट उंच, चार सिंह पाठीला पाठ लावून.

मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, हा तर तुझ्या खांद्यावरचा!"

बरोबर होतं. लेफ्टनंट आणि कॅप्टनच्या खांद्यावर नुसते तारे असतात. मेजर झालं की तारे जातात आणि अशोकस्तंभ येतो, पुढे त्याच्या जोडीला पुन्हा तारे. 1950 पूर्वी त्या जागी ब्रिटिश मुकुट होता. मी मेजर झालो त्या दिवशी सीओ साहेबांनी एका खांद्यावर आणि बायकोनं दुसऱ्या खांद्यावर ते सिंह लावले. ड्रायक्लीनरकडे देताना काढायचे, आल्यावर लावायचे, ब्रासो मारायचा. इतक्या वर्षांत कधी थांबून पाहिलं नव्हतं की ते नेमके कुठून आले.

मूळ शिल्प बघितल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती चकाकी. दोन हजार दोनशेहून अधिक वर्षं उलटली, त्यातली कित्येक शतकं मातीखाली गेली, तरी दगड आरशासारखा आहे. चुनारचा वालुकाश्म, एकाच अखंड शिळेत कोरलेला. सिंहांच्या पायाखाली गोल पट्टी, तिच्यावर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह चालताहेत आणि मध्ये चोवीस आऱ्यांची चक्रं. तेच चक्र 22 जुलै 1947 ला तिरंग्यावर आलं. पट्टीच्या खाली उलट्या कमळाची घंटा आहे. राजचिन्हात ती घेतलेली नाही. आणि सिंहांच्या डोक्यावर पूर्वी एक मोठं चक्र होतं, त्याला बत्तीस आरे. त्याचे तुकडे तेवढे सापडले. म्हणजे आपण जे शिखर समजतो ते शिखर नव्हे, सिंह हे खरं तर चक्राचं बैठं होतं. हे वाचून मी जरा वेळ गप्प झालो. आमच्याकडे सिंहाच्या वर काही असू शकतं हा विचारच कुणी करत नाही.

हे शिल्प सापडलं 1904-05 च्या हंगामात. खोदणारा ओएर्टेल हा सार्वजनिक बांधकाम खात्याचा इंजिनियर. एका हंगामात त्यानं 476 शिल्पं आणि वास्तूंचे अवशेष आणि 41 शिलालेख बाहेर काढले. पण मला त्याच्यापेक्षा त्याच्या सत्तर वर्षं आधी इथे आलेला माणूस जास्त आपला वाटला, कारण तो लेफ्टनंट होता. अलेक्झांडर कनिंगहॅम, बेंगॉल इंजिनियर्स, वय एकवीस. आपल्याकडे एकविसाव्या वर्षी लेफ्टनंट काय करतो ते सगळ्या वेटरन मंडळींना ठाऊक आहे. यानं 1835 मध्ये स्वतःच्या खिशातून पाचशेहून जास्त रुपये घालून धामेक स्तूपाच्या माथ्यापासून पायापर्यंत विहिरीसारखं भोक पाडलं. स्तूपाचा व्यास अठ्ठावीस मीटर आहे, वरचा भाग विटांचा, खालचा दगडी. अस्थी सापडतील अशी आशा होती. हाती लागली ती माथ्यापासून थोड्याच खोलीवर एक कोरीव शिळा, पुढे जमीन लागेपर्यंत काही नाही.

त्यानं शेजारच्या दुसऱ्या स्तूपाचाही शोध लावला, तो जमिनीवर उरलेलाच नव्हता. 1794 मध्ये जगतसिंह नावाच्या काशीच्या बड्या असामीनं नवी पेठ बांधायला विटा हव्यात म्हणून धर्मराजिका स्तूप उकलला होता. त्यात दगडी पेटी निघाली, तिच्या आत दुसरी लहान पेटी, तिच्यात अस्थी आणि मोती. अस्थी गंगेत सोडल्या. त्या काळी हे ठिकाण काय आहे हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं, आणि सापडलेल्या अस्थी गंगार्पण करणं हे त्या माणसांच्या दृष्टीनं आदराचंच होतं. बनारसचा रेसिडेंट जोनाथन डंकन यानं ही हकीकत छापली म्हणून ती टिकली. कनिंगहॅमनं काय केलं, तर चाळीस वर्षांपूर्वी त्या कामावर पोरवयात मजुरी केलेला गावातला एक म्हातारा गाठला. म्हाताऱ्यानं जागा दाखवली, खणलं, बाहेरची दगडी पेटी तिथेच होती. लोकल गाइड मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे आम्हाला डेहराडूनला शिकवलं. याला कुणी शिकवलं कोण जाणे.

गोष्टीचा शेवट मात्र वाईट आहे. कनिंगहॅमनं निवडक मूर्ती कलकत्त्याला पाठवल्या आणि चाळीसेक मागे ठेवल्या. त्या पुढे वरुणा नदीच्या पुलाच्या खांबांना आडोसा म्हणून पाण्यात टाकल्या गेल्या. हे त्यानंच नंतर नोंदवलं आहे. हाच माणूस 1861 मध्ये मेजर जनरल म्हणून निवृत्त झाला आणि देशाच्या पुरातत्त्व पाहणीचा पहिला प्रमुख झाला. वर्दी उतरल्यावर काय करायचं या प्रश्नानं झोप उडालेल्या माझ्या कोर्समेट्सनी नोंद घ्यावी.

मुलगा एवढा वेळ मागे मागे होता. बाहेर, जिथे स्तंभाचा मोडका बुंधा अजून जागेवर उभा आहे, तिथे तो थांबला. मूळ स्तंभ पन्नास फुटांच्या आसपास होता. बुंध्यावर ब्राह्मी लेख आहे. मी त्याला अर्थ सांगितला: संघात कुणीही फूट पाडायची नाही, जो भिक्षू किंवा भिक्षुणी पाडेल त्याला पांढरी वस्त्रं घालायला लावून विहाराबाहेर ठेवावं. या आज्ञेची एक प्रत कार्यालयात ठेवावी, दुसरी उपासकांपाशी, आणि दर उपोसथाला महामात्रानं येऊन ती समजून घ्यावी.

"ही तर युनिटची स्टँडिंग ऑर्डर आहे," मी म्हणालो. प्रत कुठे लावायची, कुणी वाचायची, किती दिवसांनी वाचायची. आणि शिक्षा म्हणजे वर्दी उतरवणं.

तो हसला. मग विचारलं, "कलिंगनंतर त्यानं आर्मी ठेवली का बंद केली?"

हा प्रश्न कुणी मला एनडीएत विचारला नव्हता. मी जेवढं वाचलं होतं तेवढं सांगितलं. तेराव्या शिलालेखात अशोक स्वतः आकडे देतो: दीड लाख लोक पकडून नेले, एक लाख मारले गेले, आणि त्याचा पश्चात्ताप होतो म्हणतो. जगातल्या किती सेनापतींनी जिंकलेल्या लढाईचा असा आफ्टर ॲक्शन रिपोर्ट दगडावर कोरला? पण त्याच लेखात तो अरण्यात राहणाऱ्या जमातींना बजावतो की पश्चात्ताप झाला असला तरी माझ्यात शिक्षा करायचं बळ आहे, नीट वागा. सैन्य मोडल्याचं तो कुठेही म्हणत नाही. आणखी एक गंमत, खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, तेरावा लेख कोरलेलाच नाही. तिथे वेगळे लेख आहेत, अधिकाऱ्यांना उद्देशून, न्यायानं वागा, कुणाला विनाकारण कोंडू नका, असे. ज्यांची माणसं मारली त्यांच्या दारात त्या लढाईची आकडेवारी लावायची नाही, एवढं भान त्या माणसाला होतं.

"म्हणजे सॉरी पण म्हणाला आणि तलवार पण ठेवली," मुलगा म्हणाला.

"ठेवली."

"मग हे खरं सॉरी का?"

मी उत्तर दिलं नाही. शेजारी श्रीलंकेहून आलेले यात्रेकरू पांढऱ्या कपड्यांत प्रदक्षिणा घालत होते.

दुसऱ्या दिवशी बीएचयूतलं भारत कला भवन. राय कृष्णदासांनी 1920 मध्ये उभं केलेलं, 1950 पासून विद्यापीठात. लघुचित्रांचं दालन बघायला अख्खा दिवस द्यायला हवा, आम्ही दोन तास दिले. बकरिया कुंडाजवळ सापडलेला गुप्तकाळातला गोवर्धनधारी कृष्ण बायकोला इतका आवडला की ती तिथून हलेना. डाव्या हातावर पर्वत आणि चेहऱ्यावर जराही श्रम नाहीत. संध्याकाळी मलइयो खाल्ला, थंडीतच मिळतो, दुधाचा फेस, तोंडात टाकला की गायब. मुलीच्या मते वाराणसीतलं सर्वोत्तम प्रेक्षणीय स्थळ तेच.

तिसऱ्या दिवशी गंगेपलीकडे रामनगरचा किल्ला. राजा बलवंतसिंहानं अठराव्या शतकाच्या मध्यावर बांधला, पुन्हा चुनारचाच दगड. सरस्वती भवनात पालख्या, हौदे, जुन्या मोटारी, तिथी-नक्षत्र दाखवणारं मोठं घड्याळ आणि भिंतभर बंदुका आहेत. बंदुकांसमोर मुलगा रमला, तेव्हा त्याला मी 1781 सांगितलं, कारण त्यात आपण मराठे आहोत.

वॉरन हेस्टिंग्ज तेव्हा पैशाला महाग झाला होता. एकीकडे आपल्याशी लढाई चालू, जी 1782 पर्यंत ओढली, दुसरीकडे फ्रेंच आणि हैदर. बनारसच्या चेतसिंहाकडून त्यानं ठरलेल्या खंडणीवर वर्षाला पाच लाख जादा मागितले, मग घोडदळ मागितलं, आणि शेवटी पन्नास लाखांचा दंड वसूल करायचा मनात धरून स्वतः आला. 16 ऑगस्टला शिवाला घाटावरच्या वाड्यात राजाला नजरकैदेत टाकलं. पहारा दोन कंपन्यांचा, तीन लेफ्टनंट. आणि त्यांच्याकडे दारूगोळाच नव्हता! नंतर पाठवला तर तोवर दारं लोकांनी अडवलेली. पहारेकरी कापले गेले, तिघे लेफ्टनंट पडले. राजा खिडकीतून पागोट्यांना गाठी मारून खाली उतरला आणि नावेतून या काठाला आला. चार दिवसांनी कॅप्टन मेयाफर यानं मदतीची वाट न बघता रामनगरवर हल्ला चढवला, अरुंद गल्ल्यांत अडकला आणि मारला गेला. हेस्टिंग्ज रातोरात चुनारच्या किल्ल्यात पळाला. जखमी शिपाई मागे राहिले.

दारूगोळ्याविना पहारा, तोकडी कुमक, उतावळा कॅप्टन. यात प्रत्येक चूक अशी आहे की आजही एखाद्या तरुण अधिकाऱ्याच्या हातून होऊ शकते. पण जखमींना सोडून जाणं ही चूक नव्हे, तो निर्णय असतो. हे मी मुलाला सांगितलं तेव्हा माझा आवाज थोडा चढला असावा, कारण बायकोनं वळून पाहिलं.

पुढे चेतसिंहाचा विजयगड घेतला मेजर पॉपमनं. याच पॉपमनं आदल्या वर्षी, ऑगस्ट 1780 मध्ये, रात्री दोर-शिड्या लावून महादजी शिंद्यांचा ग्वाल्हेरचा किल्ला घेतला होता. आणि राज्य गेलेला चेतसिंह आश्रयाला गेला तो महादजींच्याच. 1810 मध्ये तो ग्वाल्हेरातच वारला. हेस्टिंग्जवर लंडनला पुढे महाभियोग चालला, त्यात बनारसचं प्रकरण ठळक होतं. सात वर्षांनी, 1795 मध्ये, तो निर्दोष सुटला.

परतताना नावेतून शिवाला घाट दिसला. मुलानं त्या उंच भिंतीतल्या खिडक्या मोजायचा प्रयत्न केला, पण धुकं होतं.

निघायच्या दिवशी फॉर्मला दोन दिवस उरले होते. मी विचारलं नाही. बायकोनं मला घरीच दम दिला होता. फलाटावर तो म्हणाला, "बाबा, अशोकाचं आपल्याकडे काहीच नाही का?"

आहे. सोपाऱ्याला आठव्या शिलालेखाचा तुकडा 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना मिळाला, तो मुंबईच्या म्युझियममध्ये आहे. नवव्याचा 1956 मध्ये मिळाला.

"मग तुझी पुढची रजा कधी?"

"मार्चमध्ये."

"मार्च म्हणजे मे," मुलगी म्हणाली आणि बॅग घेऊन डब्यात चढली.