‘बिघडलेली’ मुले आणि वर्तन-विश्लेषण

मुलगा चोरी करू लागला, शाळेला दांडी मारू लागला की आपण पटकन म्हणतो, “पोरगा हातचा गेला.” वर्तन-विश्लेषण हे शास्त्र असा शिक्का मारत नाही. ते तीनच गोष्टी विचारते : आधी काय घडले, मूल नेमके काय वागले आणि त्यातून त्याला काय मिळाले? ज्या वागण्यातून काही पदरात पडते, ते वागणे वाढते.

याचा प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेत, कॅन्सास राज्यातील लॉरेन्स शहरात झाला. १९६७ साली तेथे ‘अचीव्हमेंट प्लेस’ हे घर सुरू झाले. किरकोळ गुन्ह्यांमुळे न्यायालयाकडून आलेली थोडकी मुले इलरी आणि इलेन फिलिप्स या जोडप्यासोबत राहत आणि गावातल्याच शाळेत जात. मानसशास्त्रज्ञ माँट्रोज वुल्फ यांचा या कामात मोठा वाटा होता.

अभ्यास, स्वच्छता, वेळ पाळणे यांसाठी मुलांना गुण मिळत. दमदाटीची भाषा किंवा उशीर झाला की गुण कापले जात. जमलेल्या गुणांवर सायकल, टीव्ही, खाऊ, हातखर्च मिळे. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींत एक गोष्ट आम्हा शिक्षकांना खास लागू पडते : गुण कापण्याची नुसती धमकी दिली की ती सुरुवातीला चालली, ती खरी होत नाही हे कळल्यावर मुलांची भाषा पुन्हा तशीच झाली.

पुढे रोजचे कार्डही आले. मुलाने काम केले का, नियम पाळले का, एवढेच शिक्षकाने त्यावर लिहायचे. सवलत घरी मिळायची.

मर्यादाही सांगायला हवी. अशा घरांत राहताना मुलांचे गुन्हे कमी झाले. पण बाहेर पडल्यावर हा फरक पुसट झाला. आम्हाला यात नवल वाटत नाही. गल्ली तीच, संगत तीच, मग जुने वागणे पुन्हा फायद्याचे ठरणारच.

खरे सांगायचे तर आम्ही शिक्षकांनीही कधी कधी दाखला हातात देऊन सुटका करून घेतली आहे. त्या मुलाला मग नाक्यावरच शाबासकी मिळते. तरबियत म्हणजे नुसती शिक्षा नव्हे. तो चांगला वागला, त्या दिवशी कोणी पाहिले का, हेही विचारायला हवे.