भिरंडाचं नाव कोणी सांगितलं?



मागच्या मे महिन्यात आम्ही गटातल्या सतराजणी आजऱ्याहून एसटीने आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याला गेलो. बहुतेकींच्या डोक्यात समुद्र आणि मासे. झाडं बघायला कोण एवढं लांब जातं? पण गटाच्या पडीक जागेवर यंदा काय लावायचं ते ठरवायचं राहिलं होतं. ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं स्वस्तात मिळत होती आणि निम्म्याजणींचा कल तिकडेच होता. भराभर वाढते, सरपण होतं, त्यांचंही चूक नव्हतं.

किनाऱ्यावर पोचलो तर उंच सुरूचं बन. हेच खरं कोकण, असं म्हणत आम्ही फोटो काढले. मग कळलं की सुरू इथला नाहीच. वाळू अडवायला आणि जळणाला म्हणून इंग्रजांच्या काळात त्याची लागवड झाली. खाली बघितलं तर नुसता काड्यांचा थर. त्याच्या पुढे, लाटांच्या बाजूला, वाळूवर एक वेल पसरलेली होती. शेळीच्या खुरासारखं दुभागलेलं पान, जांभळं फूल. ही मर्यादवेल. कोणी न लावता येते आणि वाळू धरून ठेवते. हे नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण ठेवणारीने भरतीची रेषा नीट बघितली असणार.

काजूही पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला, हे ऐकून आमच्या घरमालकीणबाई थबकल्याच. "म्हणजे काजू आमचो नाय?" रागावल्या थोड्या. मग परसातल्या कोकमाकडे हात करून म्हणाल्या, "ह्या तरी आमचाच मां?"

ते मात्र खरंच आपलं, सह्याद्रीच्या पायथ्याचं. अंगणात आमसुलं वाळत होती. फोडलेल्या सालींना पुन्हा पुन्हा रसात बुडवायचं आणि उन्हात घालायचं. बियांचं मुठेल निघतं, ते पायाच्या भेगांना लावतात. ह्या फळाला तिकडे भिरंड म्हणतात, आणि ह्या शब्दाचा प्रवास ऐकण्यासारखा आहे.

गार्सिया द ओर्टा नावाचे पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आले. जवळजवळ तीस वर्षं इथली औषधं, फळं, मसाले बघून त्यांनी एक पुस्तक लिहिलं. ते १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. दोन माणसं गप्पा मारतायत अशी त्याची मांडणी आहे. त्यात हे फळ आहे. आतून रक्तासारखं लाल, फार आंबट, लोकांना आवडतं पण मला नाही, असं ते सांगतात. साल व्हिनेगरसारखी वापरतात हेही त्यांनी नोंदवलं. आणि नाव काय लिहिलं? 'ब्रिंदांव'. भिरंडच की! पुढे युरोपातल्या शास्त्रज्ञांनी ह्या झाडाला 'ब्रिंदोनिया' असंही नाव दिलं.

त्या पुस्तकात ओर्टांच्या घरातली एक दासी येते, अँटोनिया. मालक हाक मारतात, ती जिन्नस घेऊन येते. पुस्तकावर नाव वैद्यांचं. झाडपाला हातात घेऊन येणारीचं नाव आत, हाकेपुरतं. हे ऐकल्यावर आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "मग आपल्या वहीत तरी लिहा, कुठलं झाड कोणी दाखवलं ते." दुसऱ्या दिवशी मांडवी खाडीत बचत गटाच्या बायकांनीच होडीतून आम्हाला कांदळवन दाखवलं. तेव्हापासून वहीत झाडाच्या पुढे दाखवणारीचंही नाव आहे.

खाडीवरून येताना आज्ञापत्राची गोष्ट निघाली. रामचंद्रपंत अमात्यांच्या ह्या ग्रंथात आरमाराच्या लाकडाबद्दल लिहिलंय. आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं, पण त्याला हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड जीर्ण झालं असेल तरच धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावं. गाडीत एक वहिनी हळूच म्हणाल्या, "आमचा फणस तोडला तेव्हा मला कोणी विचारलं नाही." त्यावर कोणी काही बोललं नाही.

निघताना आम्ही कोकमाच्या बिया मागितल्या. घरमालकीणबाई हसल्या. बी लावलं तर निम्मी झाडं नर निघतात, त्यांना फळ नाही, आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. म्हणून कलम घ्यायचं. कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये 'कोकण अमृता' ही जात काढली, तिचं घ्या म्हणाल्या.

बैठकीत दोन तास वाद झाला. कलम महाग, बाभूळ स्वस्त. शेवटी पंचवीस कलमं घ्यायची ठरली, बाभूळ नको. सरपणाचं काय, हा प्रश्न तीन घरांना अजून आहे, आणि तो खोटा नाही. कलमं पावसाच्या तोंडावर लावली. उन्हाळ्यात त्यांना पाणी कोण घालणार, यावरून पाळ्यांचं भांडण अजून चालू आहे.