सळईची मान

आजोबा इंटर होऊन परळच्या रेल्वे कारखान्यात लागले आणि 1958 साली त्यांनी एएमआयईला नाव घातलं. ही परीक्षा घेणारी इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही कलकत्त्याची 1920 सालची संस्था. नोकरी सांभाळून घरी अभ्यास करायचा, सेक्शन ए आणि बी पास व्हायचं. नोकरीसाठी ती परीक्षा पदवीच्या तोलाची धरत.

आजी सांगायची, एका रात्री त्यांनी वाचलं की नरम पोलादाची सळई ओढली तर तुटण्याआधी तिची मान बारीक होते. मग एक टोक वाटीसारखं उरतं, दुसरं सुळक्यासारखं. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या भंगारातून तशीच तुटलेली सळई ते मागून घेऊन आले. जेवण बाजूला राहिलं. ‘‘बघ, ही मान!’’ तो आनंद आजीनं आम्हाला कितीदा सांगितला असेल! पण एकाच विषयात ते तीनदा नापास झाले, आणि चुकलं कुठे हे सांगणारं कोणी नव्हतं. पास व्हायला नऊ वर्षं गेली.

म्हणून बाबांना त्यांनी हट्टानं पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात घातलं. बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवीत म्हणून 1854 साली सुरू झालेली ही शाळा. तिथली लेक्चरं बाबांना आठवत नाहीत, फिटिंग शॉपचे मिस्त्री आठवतात. कानशीनं घासलेल्या तुकड्याला गुण्या लावून ते खिडकीकडे धरत. फटीतून उजेड दिसला की जॉब परत.

नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ, म्हणजे आजोबांसारख्याच घरी अभ्यास करून मिळवलेल्या, इंजिनिअरिंग पदव्या अडवल्या. माझ्या मते निकाल योग्यच होता, पण त्या पदवीवर संसार उभा केलेल्यांसाठी जीव तुटला. बाबा आजोबांना अण्णा म्हणत; ते एवढंच म्हणाले, ‘‘अण्णांच्या पायाखाली कारखाना होता रे.’’

2020 साली माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, कोविडमुळे घरातच. न कळलेलं लेक्चर ती तीन-तीनदा लावून ऐकायची. आजोबांना हे मिळतं तर! लेथ मात्र तिनं मोबाइलवरच पाहिला. एका संध्याकाळी बाबांनी जुन्या ट्रंकेतली सळई तिच्या हातावर ठेवली. ती बराच वेळ त्या मानेवरून अंगठा फिरवत राहिली.

वर्कशॉप उघडलं त्या आठवड्यात तिनं बाबांना फोटो पाठवला: खिडकीसमोर तिचा जॉब, गुण्याखाली उजेडाची बारीक रेघ. खाली लिहिलं होतं, ‘‘आजोबा, परत दिला!’’