जलसा, मैफल, बैठक : समानार्थाच्या आड

गायनवादनाच्या जाहीर वा खाजगी सादरीकरणासाठी मराठीत जे शब्द रूढ झाले त्यांपैकी ‘जलसा’, ‘मैफल’, ‘मजलस’ आणि ‘बैठक’ हे एकमेकांचे पर्याय म्हणून सांगितले जातात. व्युत्पत्तीही या समजाला पाठबळ देते. ‘जलसा’ व ‘मजलस’ हे दोन्ही ‘बसणे’ या अर्थाच्या एकाच अरबी धातूपासून आलेले. ‘बैठक’ तर उघडच बसण्यावरून आलेला. ‘मैफल’ मात्र ‘जमणे’ या अर्थाच्या निराळ्या धातूचा. (याच ‘बसण्या’तून सिंहासनारोहण, आणि त्यातून मिरवणूक, असा ‘जुलूस’ या शब्दाचा प्रवास झाला. बसण्याचे चालणे व्हावे, हा अर्थपरिवर्तनाचा मासलेवाईक नमुना होय.) परंतु हे शब्द वापरणारे कोण, आणि बसवून घेणारा कोण, हा प्रश्न विचारला की समानार्थकतेला तडे जाऊ लागतात.

नित्य व्यवहारात यांपैकी कोणताही शब्द फारसा लागत नाही, हे आधी नोंदवले पाहिजे. रसिक ‘गाण्याला’ जातो. अमक्याचे ‘गाणे’ असते, ते ‘जमते’ किंवा ‘पडते’. विशेष नाम हवे झाले की क्रियापदे निवड करू लागतात. मैफल रंगते, ती जिंकली जाते, बेरंगही होते. बैठक भरते आणि मोडते. मैफलीला यजमान गृहीत आहे, निमंत्रण गृहीत आहे, ‘वाहवा’ केव्हा द्यावी हे जाणणारा श्रोता गृहीत आहे. ‘बैठकीची लावणी’ या नावातही हेच अनुस्यूत आहे : फडावरची लावणी उभ्याने, गर्दीपुढे; बैठकीची बसून, अदाकारीच्या अंगाने, मोजक्या जाणकारांपुढे.

‘जलसा’ या दालनातून बाहेर पडला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८७४ मध्ये पुण्यात गायन समाज स्थापन झाला. १९०१ मध्ये विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ मध्ये ते मुंबईत आले. आश्रयदात्याच्या मर्जीऐवजी तिकीट काढणाऱ्या अनोळखी श्रोत्यावर विसंबणारी ही नवी व्यवस्था होती, आणि तिला ‘गायनाचा जलसा’ हे नाव चिकटले. मैफल आणि जलसा यांतला फरक येथे रागदारीचा नाही, दाराचा आहे. मैफलीचे दार ओळखीने उघडते, जलशाचे पैशाने.

नेमक्या याच काळात या शब्दाला दुसरे आयुष्य लाभले. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी स्थापलेल्या सत्यशोधक समाजाचा विचार खेड्यापाड्यांत नेण्यासाठी पुढील पिढीने तमाशाचा बांधा उचलला. भीमराव महामुनींसारख्या कार्यकर्त्यांचे जलसे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत गावोगाव झाले. गण, सवालजवाब, वग ही चौकट तमाशाचीच. शृंगार व नाच्या मात्र वगळलेला, आणि गौळणीच्या जागी भटशाही व सावकारी यांवरची झोड. मग नाव ‘तमाशा’ का नाही? प्रतिष्ठेचा विचार यामागे असणारच. तमाशाची रचना हवी, पण त्याला चिकटलेली बदनामी नको, अशा अवस्थेत शिष्ट वर्तुळात वावरलेला शब्द सोयीचा होता. पण एवढ्यावर थांबणे अपुरे ठरेल. हिंदी-उर्दूत ‘जलसा’ म्हणजे सभाही. गाणे आणि भाषण एकाच जागी आणणाऱ्या या प्रकाराने शब्दाचा तो मूळचा सभावाचक अर्थ मराठीत जागा केला. (गुजरातीत त्याच शब्दाची ‘चैन, मौज’ झाली!)

आंबेडकरी चळवळीने तो अधिक खोल नेला. काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या काळात, १९३० नंतर, नाशिक परिसरात भीमराव कर्डक यांचा जलसा उभा राहिला. येथे एक व्याकरणिक बदल लक्षणीय आहे. ‘पलुस्करांचा जलसा’ म्हणजे त्यांचा एका संध्याकाळचा कार्यक्रम. ‘कर्डकांचा जलसा’ म्हणजे माणसांचा संच. तो काढला जातो, गावाला बोलावला जातो, वर्षानुवर्षे चालतो. घटनेचे नाव संघटनेचे झाले. मैफलीच्या बाबतीत असे कधी घडलेले नाही. कोणाही गवयाची ‘मैफल’ त्याच्या साथीदारांचा बोध करून देत नाही.

यानंतर शास्त्रीय संगीताच्या वर्तुळातून ‘जलसा’ हळूहळू मागे सरला. आकाशवाणीने ‘संगीत सभा’ आणि ‘कार्यक्रम’ रुळवले. बडोद्यात १९१६ साली भरली ती ‘परिषद’ होती. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ पासून सुरू झालेला सोहळा ‘संगीत महोत्सव’ या नावाने स्थिरावला. हजारोंच्या मंडपातल्या गायनालाही आज ‘मैफल’ म्हणतात, म्हणजे तिकिटाचे दार उघडे ठेवूनही ओळखीच्या दालनाची ऊब शब्दाने राखली जाते. ही माघार केवळ जातीय दुराव्यातून झाली असे म्हणणे अतिरेकी होईल. ‘जलसा’ दोन्ही अर्थांनी काही काळ शेजारी नांदला आहे, आणि संस्कृतप्रचुर परिभाषेची ओढ त्या काळी सर्वच क्षेत्रांत होती. तरी फारसी-अरबी म्हणून ‘जलसा’ गेला असेल, तर ‘मैफल’ का राहिली, याचे उत्तर शुद्धीकरणाच्या सिद्धान्ताला देता येत नाही.

अभ्यासाच्या विभागणीने हा दुरावा पक्का केला आहे. संगीताच्या इतिहासात जलसा येतो तो पलुस्करांच्या तिकिटापुरता. दलित साहित्याच्या इतिहासात तो शाहिरीच्या प्रकरणात. दोन ठिकाणी एकच शब्द आहे, याची दखल दोघेही घेत नाहीत. चळवळीच्या बाजूनेही तो पुढे ओसरला : १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांनी उभारलेल्या मंडळीचे नाव ‘लाल बावटा कलापथक’ होते. कर्डकांनी मात्र १९७८ मध्ये आपल्या कार्याचा वृत्तान्त ग्रंथरूपाने दिला, तेव्हा शीर्षकात ‘आंबेडकरी जलसे’ हेच शब्द ठेवले.